कारण नसलेली चिठ्ठी

शिलेदार तालमीत फेरडाव आला त्या वर्षापासून कट्ट्यावरची भांडणं कमी झाली, आणि हळूहळू गप्पाही.

पूर्वी मॅच संपली की सगळी पेठ तालमीसमोर जमायची. हरलेली असली तर जास्तच. मधल्या फळीत तिघांऐवजी दोघंच का ठेवले, गोलकीपर पुढं का आला, दमलेल्या विंगरला वेळेवर का काढलं नाही, यावर तास-दोन तास सहज जात. प्रत्येकाचं मत वेगळं असे आणि प्रत्येकाचं बरोबर असे, कारण झालेली मॅच काही परत खेळून बघता येत नव्हती.

दोन हजार एकोणचाळीस साली ती बघता यायला लागली.

फेरडाव हे यंत्र मुळात फुटबॉलसाठी नव्हतंच. पुण्यातल्या काही संशोधकांनी ते अर्धांगवायूच्या रुग्णांची चाल तपासायला बनवलं होतं. साध्या चित्रफितीतून ते माणसाच्या शरीरावरचे वीस बिंदू हेरायचं. घोटे, गुडघे, खुबे, खांदे. कुठला पाय जमिनीवर किती वेळ टेकतो, वळताना भार कुठं जातो, याची एका सेकंदात पंचवीस वेळा नोंद व्हायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की रुग्णाची चाल समजते तशी खेळाडूचीही समजेल. एखाद्याच्या पंधरा-वीस मॅच यंत्राला दाखवल्या की ते त्याची 'छाया' तयार करी. अंगावर माणूस आला की हा कुठं वळतो, कितव्या मिनिटाला दमतो, गोल खाल्ल्यावर चुकतो की चवताळतो, हे सगळं त्या छायेत उतरे. बावीस छाया एका मैदानात सोडायच्या आणि तीच मॅच दहा हजार वेळा खेळवायची. दहा हजारांत किती वेळा जिंकलो, तो आकडा म्हणजे उत्तर.

आता तुम्ही कट्ट्यावर म्हणालात, 'अमक्याला डावीकडं खेळवायला पाहिजे होता,' तर शेजारचा फोन पुढं करून म्हणायचा, 'बघूया की.' तीन मिनिटांत उत्तर यायचं. तुमचं मत बरोबर निघालं की तुमच्या नावापुढचा आकडा वाढायचा. त्या आकड्याला पेठेत 'नजर' म्हणत. कुणाची नजर बावन्न, कुणाची चौतीस. चौतीसवाले बिचारे बोलेनासे झाले.

सगळ्यांत मोठी नजर होती आनंदा इंगवलेची, एक्याऐंशी. आनंदा सदुसष्ट वर्षांचा होता. एकेकाळी तालमीचा सेंटर हाफ, आता मिरची कांडपाच्या गिरणीचा मालक. आवाज असा की गिरणी चालू असतानाही रस्त्यापलीकडं ऐकू जावा. मात्र ही एक्याऐंशीची नजर त्याची नव्हती, आणि हे दोघांनाच ठाऊक होतं. त्याच्या शेजारी कट्ट्यावर चाळीस वर्षं रघुनाथ अतिग्रे बसत. नगरवाचनालयातून निवृत्त झालेले ग्रंथपाल, वय एकाहत्तर, लग्न राहून गेलेलं. बोलायची वेळ आली की त्यांचा घसा कोरडा पडे. त्यांनी आनंदाच्या कानात सांगायचं आणि आनंदानं पेठेला, असा रिवाज पडून गेला होता. मत चुकलं तर आनंदा शिव्या खाई, बरोबर निघालं तर चहा पाजी. रघुनाथांना ही वाटणी फार सोयीची वाटे.

रेश्मा मोमीन त्यांच्या घरी आली ती मार्चमधल्या एका रविवारी सकाळी. रेश्मा तालमीच्या संघाची प्रशिक्षक. बाकावर बसल्यावर एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात फेरडावाची पाटी, अशीच ती सगळ्यांना माहीत होती.

ती म्हणाली, की तालमीला यंदा शंभर वर्षं होतायत आणि समारंभात दोन हजार एकची फायनल फेरडावावर दाखवायची असं कमिटीनं ठरवलंय. त्या फायनलमध्ये शिलेदार उत्तरवेस तालमीकडून एका गोलनं हरले होते. गोल त्रेसष्टाव्या मिनिटाला कॉर्नरवरून, डोक्यानं झाला होता. आणि ज्या सेंटर हाफनं वर्षभर असले बॉल डोक्यानं परत पाठवले होते, तो आनंदा त्या दिवशी बाकावर बसून होता. 'आनंदा असता तर?' या प्रश्नावर पेठेची चाळीस वर्षं गेली होती. आता उत्तर मिळणार होतं. आनंदाकाकांनीच आग्रह धरलाय, असंही रेश्मानं सांगितलं.

अडचण एकच होती. त्या वर्षीच्या तीनच चित्रफिती उरल्या होत्या, एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं हौसेनं काढलेल्या. तेवढ्यावर छाया पुऱ्या होत नव्हत्या, आनंदाची तर मुळीच. पण फेरडावाला लिहिलेलं वर्णनही चालत असे.

'काका, तुमच्या वह्या आहेत म्हणे. प्रत्येक मॅचच्या.'

वह्या होत्या. रघुनाथ म्हणाले, की त्यात काही विशेष नाही, आपलं सुचेल ते टिपलेलं, बरंचसं चुकीचंही असेल. तरी ते उठले आणि फडताळातून शहाण्णव ते दोन हजारपर्यंतच्या पाच वह्या काढून दिल्या.

'दोन हजार एकची?'

'ती सापडत नाही,' रघुनाथ म्हणाले. ती त्यांच्या उशाखाली होती असं नव्हे. ती त्याच फडताळात, शब्दकोशाच्या मागं होती. पण हात तिथवर गेला नाही.

तिच्या शेवटच्या भरलेल्या पानावर सेमीफायनलची नोंद होती. 'आनंदा आज तीनदा उजव्या पायावर उडाला. त्याचा उडायचा पाय डावा. डावा गुडघा दुखतोय. लपवतोय.'

शिलेदार तालमीत एक जुनी प्रथा आहे. फायनलच्या आदल्या संध्याकाळी गुलालाचा पितळी डबा रिकामा करून आखाड्याच्या कडेला ठेवतात. पेठेतल्या कुणीही त्यात चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीवर 'खेळवा' किंवा 'बसवा' एवढंच लिहायचं आणि पुढं एक नाव. लिहिणाऱ्याचं नाव नाही आणि कारण तर नाहीच. कारण आलं की वाद आला, असं संस्थापकांचं म्हणणं होतं. वस्ताद त्या गुलाबी झालेल्या चिठ्ठ्या एकट्यानं वाचत आणि मग संघ ठरवत. संघ ठरण्याआधी खेळाडूंनी आखाड्याच्या मातीला हात लावून 'अंग धड आहे' म्हणायचं, हीसुद्धा प्रथाच.

त्या साली डब्यात पन्नासेक चिठ्ठ्या पडल्या, बहुतेक आनंदाला खेळवा म्हणणाऱ्या. एकीवर लिहिलं होतं, 'बसवा – आनंदा इंगवले.' ती रघुनाथांची होती. सगळे एका बाजूनं बोलत असताना एकटा वेगळं लिहितो तो बघून लिहितो, असं दत्तोबा वस्ताद नेहमी म्हणत. त्यांनी आनंदाला बसवला. एका चिठ्ठीवरून बसवला, एवढंच म्हणाले; का, ते कुणाला सांगितलं नाही. संघ हरला. चार महिन्यांनी वस्तादही गेले.

चिठ्ठीला कारण नव्हतं, म्हणून पेठेनं ते पुरवलं. आनंदाची बायको मालन उत्तरवेशीची. फायनलच्या आठ दिवस आधी ती भावाच्या मुलीच्या बारशाला माहेरी जाऊन आली होती. पेठेला तेवढं पुरे झालं. आनंदा फुटला, बायकोनं डाव माहेरी पोचवला, वस्तादांना वास लागला, म्हणून बसवला. तोंडावर कुणी बोललं नाही. पण मालन पाण्याला आली की बायका विषय बदलायच्या. पुढच्या वर्षी मॅच बघायला गेली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, 'वैनी, आज कुठल्या बाजूनं?' त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. आनंदाही पुन्हा खेळला नाही.

रघुनाथांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी त्यांना वाटलं, बोलणं आपोआप विरेल. मग वाटलं, आनंदा आपल्याशी कायमचा बोलायचा बंद होईल. पण खरी गोष्ट वेगळीच होती. आनंदानं मातीला हात लावून अंग धड आहे म्हटलं होतं आणि रघुनाथांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मातीला हात लावून खोटं कोण बोलेल? म्हणजे डोळे आपलेच चुकले. तीनदा उजव्या पायावर उडाला असेल काहीतरी निमित्तानं. आपल्या एका चुकीच्या चिठ्ठीनं एका धडधाकट माणसाचा खेळ संपला आणि त्याच्या बायकोला बट्टा लागला, हे मनाशी धरून ते चाळीस वर्षं त्याच माणसाच्या शेजारी बसले होते, आणि त्याच बायकोच्या हातचा चहा प्याले होते.

पुढच्या गुरुवारी रेश्मानं त्यांना तालमीत बोलावलं. वरच्या खोलीत पडद्यावर एक पांढऱ्या रेषांचा माणूस धावत होता. चेहरा नव्हता, तरी खांदे किंचित झुकवून धावायची ती ढब बघून रघुनाथांना सत्तावीस वर्षांचा आनंदा दिसला.

'छाया जमली,' रेश्मा म्हणाली. 'तुमच्या वह्यांनी जमली. पण एका ठिकाणी अडतंय.'

सेमीफायनलच्या चित्रफितीत आनंदाकाकांचा डावा पाय बाकीच्या मॅचसारखा चालत नाही, असं तिनं दाखवलं. उजव्या पायापेक्षा तो जमिनीवर कमी वेळ टेकतो. वळण टाळतो. उडतानाही वापरला जात नाही. यंत्र दोन शक्यता सांगत होतं. एक, फीत जुनी आहे, तिचा वेग मध्येच बिघडलाय, ही मॅच सोडून द्यावी. दोन, माणूस दुखावलेला होता. यातलं काय धरायचं ते यंत्राला सांगावं लागत होतं. पहिलं धरलं तर फायनलमध्ये धडधाकट आनंदा उतरणार होता आणि शिलेदार दहा हजारांत सहा हजार शंभर वेळा जिंकत होते. दुसरं धरलं तर दोन हजार तीनशे.

'आनंदाकाकांना विचारलं. ते म्हणाले, फीतच खराब आहे. पण तुम्ही तिथं होता काका. तुम्ही सांगाल ते धरते.'

रघुनाथ पडद्याकडं बघत राहिले. म्हणजे डोळे चुकले नव्हते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि जिना उतरून खाली येईपर्यंत त्याहून जड काहीतरी तिथं येऊन बसलं. डोळे चुकले असते तर ती एक चूक होती. डोळे बरोबर होते आणि तोंड मिटलेलं होतं, याला काय म्हणायचं?

फीत खराब म्हणावं, तर आनंदाला हवं ते मिळत होतं. पडद्यावर तो खेळेल, जिंकेल, पेठ टाळ्या वाजवेल. पण मग असा धट्टाकट्टा खेळाडू वस्तादांनी उगाच बसवला का, हा प्रश्न उरत होता. आणि त्याचं उत्तर पेठेकडं तयार होतं. मालनचा बट्टा यंत्राच्या शिक्क्यानिशी पक्का झाला असता. पाय दुखावला होता म्हणावं, तर आनंदा मातीला हात लावून खोटं बोलला हे सगळ्यांना दिसणार होतं.

निघताना रेश्माला त्यांनी सांगितलं होतं, की दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गिरणीवर गेले. चटणीचा हंगाम. दारातच नाकाला झोंबलं. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. आनंदा कांडपाशी उभा होता आणि मालन चटईवर बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. रघुनाथांनी आदल्या रात्री काय बोलायचं ते लिहून काढलं होतं. तो कागद खिशातच राहिला.

'आनंदा,' ते म्हणाले, 'ती चिठ्ठी माझी होती.'

आनंदानं कुठली म्हणून विचारलं नाही. त्यानं हात लांब करून बटण बंद केलं. एकेक मुसळ खाली येऊन थांबलं. गिरणी एवढी शांत असू शकते हे रघुनाथांना माहीत नव्हतं.

'का?'

'तू उजव्या पायावर उडत होतास. सेमीफायनलला.'

'कितींदा?'

'तीनदा.'

आनंदानं थांबलेल्या मुसळावर हात ठेवला.

'चारदा,' तो म्हणाला.

मालनचे हात थांबले. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग रघुनाथांकडं, मग पुन्हा नवऱ्याकडं.

'म्हंजे पाय दुखत हुता?'

आनंदा पोत्यावर बसला. एका दमात बोलून टाकावं तसा तो बोलला. प्रॅक्टिसमध्ये गुडघा वळला होता. फायनल खेळायचीच होती. मातीला हात लावला तेव्हा वाटलं, रात्रीतून बरा होईल, मग खोटं कुठं राहतंय. वस्तादांनी बसवलं तेव्हा तो मनातून थोडा सुटलासुद्धा होता. आणि मग ते बोलणं सुरू झालं.

'खरं सांगितलं असतं तर माती खोटी पडली असती,' तो म्हणाला.

'म्हणून मी खोटी पडले,' मालन म्हणाली.

ती ओरडली नाही. हातातल्या मिरचीचा देठ खुडून तिनं ती टोपलीत टाकली. मग रघुनाथांकडं वळली.

'भावजी, तुमास्नी ठावं हुतं. चाळीस वर्सं चा पिताय हितं.'

रघुनाथ म्हणाले, की त्यांना वाटत होतं डोळेच चुकले. हे म्हणतानाच त्यांना ते किती थिटं आहे ते कळलं. मग त्यांनी यंत्राचं सांगितलं. दोन शक्यता, दोन आकडे, उद्या द्यायचं उत्तर. तुम्ही दोघं सांगाल ते मी रेश्माला सांगतो, असं ते म्हणाले.

'मशिनीला काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा,' मालन म्हणाली. 'पेठंला काय सांगणार, ते मला सांगा.'



त्या दिवशी पहिल्यांदा रघुनाथ चहा न घेता घरी आले. शब्दकोशामागची वही काढली, शेवटचं पान वाचलं आणि तशीच पिशवीत घालून रेश्माला नेऊन दिली. फीत ठीक आहे, एवढंच म्हणाले.

समारंभ गुढीपाडव्याला झाला. फेरडाव दाखवण्याआधी दोन मिनिटं रघुनाथांना बोलू द्यावं, असं रेश्मानं कमिटीला सांगून ठेवलं होतं. एकाहत्तर वर्षांत ते कधी व्यासपीठावर चढले नव्हते. मान वर होत नव्हती, आणि मागून 'आवाज, आवाज' ऐकू आलं तेव्हा त्यांना वाटलं, इथंच संपलं. तेवढ्यात कुणीतरी येऊन माईक त्यांच्या तोंडाजवळ वाकवला. तो आनंदा होता. गिरणीवरच्या त्या दुपारनंतर दोघं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. रघुनाथांनी चिठ्ठी कुणाची, कशासाठी, आणि मालन इंगवले यांचा त्यात काहीएक संबंध नव्हता, हे वाचलं. ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग आनंदा आखाड्यात उतरला, मातीला हात लावला आणि म्हणाला, 'त्या दिवशी अंग धड नव्हतं.' एवढंच.

नंतर पडद्यावर दुखऱ्या गुडघ्याचा आनंदा खेळला आणि बहुतेक वेळा हरला. तो बाहेर बसला होता तसाच ठेवून खेळवलं तर दहा हजारांत तीन हजार चारशे विजय येत होते. म्हणजे चिठ्ठी अकराशे मॅचनी बरोबर होती. या आकड्याबद्दल नंतर कुणी एक शब्दही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीचे चार जुने कारभारी गिरणीवर गेले आणि चपला बाहेर काढून उभे राहिले. मालनला मिरच्या तोलायच्या होत्या. पाच किलोंचा घाणा पुरता तोलून होईपर्यंत तिनं त्यांना तसंच उभं ठेवलं, आणि चौघंही शिंकत उभे राहिले. मग म्हणाली, 'बसा.' आनंदानं ही हकिकत त्याच संध्याकाळी कट्ट्यावर सांगितली, रघुनाथांशेजारी येऊन बसून. 'तुलाबी बोलावलंय तिनं,' तो शेवटी म्हणाला. 'चा प्यायला. पर कप तू विसळायचास म्हणाली.'

कमिटीनं एक ठराव केला. यापुढं डब्यातल्या चिठ्ठीवर नाव आणि कारण दोन्ही लिहायचं. वाद होतील, असं काही जण म्हणाले. होऊ देत, असं ठरलं.

एप्रिलच्या शेवटी फायनल झाली, पुन्हा उत्तरवेशीबरोबरच. चौथ्या पायरीवर रघुनाथ बसले होते, एका बाजूला आनंदा आणि दुसऱ्या बाजूला मालन. मैदान तिला चाळीस वर्षांपूर्वीपेक्षा लहान वाटलं. मागून कुणी काही म्हणालं नाही. एका म्हातारीनं शेंगांचा पुडा पुढं केला, तेवढंच.

मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. शिलेदारांकडून मधल्या फळीत अद्वैत चौगुले नावाचा वीस वर्षांचा पोरगा खेळत होता, पायात बॉल चिकटावा असा. पण रघुनाथांना काहीतरी खुपत होतं. मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी त्यांना ते सापडलं. मैदानाच्या कोपऱ्यात मोठ्या फलकावर फेरडाव प्रत्येक खेळाडूचा चालू आकडा दाखवत असे. अद्वैत बॉल मिळाला की पास देण्याआधी एकदा त्या फलकाकडं बघत होता. अर्धा सेकंद. उत्तरवेशीच्या पोरांनी तो अर्धा सेकंद ओळखला होता. प्रत्येक वेळी ते तेवढ्यात अंगावर येत आणि त्याला बॉल मागं द्यावा लागे. मागचा पास सहसा चुकत नाही, त्यामुळं त्याचा आकडा चांगलाच दिसत होता. यंत्र त्याचे पाय बघत होतं. मान कुणी बघत नव्हतं.

रघुनाथ सवयीनं आनंदाकडं वाकले आणि कानात सांगितलं. आनंदानं ऐकून घेतलं.

'मग सांग की,' तो म्हणाला.

'तू सांग.'

'माझी नजर एक्याऐंशी हाय. मला काय गरज?' आनंदा शेंग फोडत म्हणाला. 'उठ लेका.'

रघुनाथ उठले. हे आपलं चुकत तर नसेल, एवढ्या यंत्राला दिसलं नाही ते आपल्याला कसं दिसेल, हे सगळं मनात आलं. ते येतंच. त्यांनी हाक मारली. ती पुढच्या पायरीपर्यंतही पोचली नाही. त्यांनी पुन्हा मारली.

'काय म्हणायचंय तुमास्नी?' मालननं विचारलं. त्यांनी सांगितलं. तिनं मैदानाकडं बघितलं, एक पास जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला.

'खरंच की,' ती म्हणाली. मग पदर खोचून उभी राहिली आणि गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या गळ्यातून तिनं हाक दिली. 'रेश्मा! त्या चौगुल्याच्या पोराला काढ! फलक बघून खेळतंय त्ये! अतिग्रे सर सांगत्यात!'

निम्मं मैदान वळून बघायला लागलं. रेश्मानंही बघितलं, मालनकडं, मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, कुठं लपावं ते न कळणाऱ्या रघुनाथांकडं. तिनं हातातल्या पाटीवर काहीतरी विचारलं. पाटी काय म्हणाली ते तिनं नंतर सांगितलं. ठेवा, म्हणाली होती. तिनं ती उपडी ठेवली आणि मैदानाकडं मान वर करून बघितलं. दोन मिनिटं बघत राहिली. मग बदली खेळाडूला उठवलं.

अद्वैत बाहेर आला. कुणाशी हात मिळवला नाही. बाकाच्या टोकाला जाऊन बसला आणि डोक्यावर टॉवेल ओढला. बाकावर कुणी त्याच्याशी बोललं नाही. फायनलमध्ये काढलेल्या माणसाशी काय बोलायचं, ते कुणाला कधी सुचत नाही.

रघुनाथ त्या टॉवेलकडं बघत होते. इकडं बॉल उत्तरवेशीच्या गोलजवळ गेला होता, सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या होत्या, आनंदाही उभा होता. रघुनाथांनी मांडीवरची वही मिटून मालनच्या हातात दिली.

'आलोच,' ते म्हणाले.

चार पायऱ्या आणि मग लोखंडी कठडा. रेश्मानं त्यांना येताना बघितलं आणि कठड्याची कडी स्वतः काढली. ते बाकाच्या टोकाला पोराच्या शेजारी बसले. घसा कोरडा पडला होता. 

'माझं नाव रघुनाथ अतिग्रे,' ते म्हणाले. 'तुला काढायला मी सांगितलं.'

टॉवेल हलला नाही.

'पास देण्याआधी तू फलकाकडं बघतोस. मध्यंतरानंतर नऊ वेळा बघितलंस. खेळात खोट नाही तुझ्या. एवढंच कारण. ते तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो.'

मागं मोठा गलका झाला. तो जल्लोषाचा की हळहळीचा हे त्यांनी वळून बघितलं नाही. पोरानं टॉवेल खाली घेतला. डोळे लाल होते.

'मध्यंतरानंतर नाही,' तो म्हणाला. 'सेमीफायनलपासून.'

रघुनाथांनी मान हलवली आणि ते जरा सरकून, नीट टेकून बसले. मॅचला अजून पंधरा मिनिटं होती.